इयर सेव्हनचा अर्ज: इंग्लंडच्या सरकारी सेकंडरी शाळेत जागा ठरते कशी

आवडती शाळा पहिल्या क्रमांकावर लिहिली आणि ती मिळाली नाही, तर दुसरीही हातची जाईल का? मूल इयर सिक्समध्ये गेलं की इंग्लंडमधल्या मराठी घरांत हा प्रश्न हमखास निघतो. त्याचं उत्तर स्पष्ट "नाही" असं आहे. तरीही याच भीतीपोटी पसंतीक्रम उलटासुलटा भरला जातो आणि मिळू शकली असती ती शाळा हातून जाते. जागावाटप आत कसं चालतं हे एकदा नीट कळलं, की फॉर्म भरायला अर्धा तास पुरतो. खरं काम आहे ते फॉर्म उघडण्याच्या आधीचं.

सुरुवातीलाच दोन शब्दांचा घोळ मिटवून टाकू. इयर सेव्हन म्हणजे आपली सातवी नव्हे. ३१ ऑगस्टपर्यंत ज्या मुलाला ११ वर्षं पूर्ण होतात ते त्याच सप्टेंबरात इयर सेव्हनला जातं, म्हणजे वयाच्या हिशेबाने आपली साधारण सहावी. १ सप्टेंबर २०१४ ते ३१ ऑगस्ट २०१५ या काळात जन्मलेल्या मुलांचं इयर सेव्हन सप्टेंबर २०२६ मध्ये सुरू होतं. दुसरं म्हणजे इंग्लंडमध्ये "पब्लिक स्कूल" ही भरमसाट फी घेणारी खासगी शाळा असते. बिनफीची सरकारी शाळा ती "स्टेट स्कूल". अकॅडमी, फ्री स्कूल, व्हॉलंटरी एडेड, फाउंडेशन, कम्युनिटी अशी नावं दिसली तरी या सगळ्या सरकारी पैशांवर चालतात आणि सगळ्यांसाठी अर्जाचा फॉर्म एकच. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे आहेत. इथलं सगळं फक्त इंग्लंडपुरतं.

आपलं मूल या रांगेत बसतं का

वर्क व्हिसावर आलेल्या कुटुंबांच्या कागदांवर "नो रीकोर्स टू पब्लिक फंड्स" (सरकारी मदतनिधीवर हक्क नाही) असं लिहिलेलं असतं आणि ते वाचून पालक घाबरतात. सरकारी शाळेतलं शिक्षण त्या "पब्लिक फंड्स"मध्ये मोडत नाही. डिपेंडंट व्हिसावर इथे राहणारं मूल सरकारी शाळेत जाऊ शकतं, आणि राष्ट्रीयत्व किंवा व्हिसा पाहून शाळेला जागा नाकारता येत नाही. व्हिजिटर व्हिसावर किंवा चाइल्ड स्टुडंट व्हिसावर (खासगी शाळेत शिकण्यासाठीचा व्हिसा) आलेल्या मुलांना मात्र त्या व्हिसाच्या अटींमुळेच ही मुभा नाही.

याच ओळीमुळे एक अडचण नंतर पत्त्याच्या पुराव्यात येते. बऱ्याच कौन्सिल (स्थानिक प्रशासन) चाइल्ड बेनिफिटचं, म्हणजे मुलासाठी मिळणाऱ्या सरकारी भत्त्याचं, पत्र मागतात, आणि चाइल्ड बेनिफिट हा "पब्लिक फंड" असल्यामुळे अशा कुटुंबांकडे ते पत्र नसतंच. गोंधळून जाऊ नका आणि केवळ त्या पत्रासाठी बेनिफिटचा अर्ज तर मुळीच करू नका. कौन्सिल टॅक्सचं बिल, टेनन्सी अग्रीमेंट, मुलाच्या नावाने जीपीकडून (फॅमिली डॉक्टर) आलेलं पत्र यांपैकी काय चालेल ते कौन्सिलच्या ॲडमिशन्स विभागाला ईमेलने विचारा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा.

जागा कोण देतं

शाळा जागा "देत" नाही. ती आलेल्या अर्जांची फक्त क्रमवारी लावते, जागा देते ती कौन्सिल. प्रत्येक शाळेचा एक ठरलेला आकडा असतो: पब्लिश्ड ॲडमिशन नंबर, म्हणजे इयर सेव्हनमध्ये एकूण किती मुलं घ्यायची. समजा १८०. अर्ज १८० किंवा त्याहून कमी आले, तर आलेल्या प्रत्येकाला घ्यावंच लागतं. चर्चच्या शाळेत जागा रिकाम्या असतील, तर तिला कुठल्याही धर्माच्या किंवा धर्म न मानणाऱ्या घरच्या मुलालाही नाही म्हणता येत नाही. अपवाद एकच, ग्रामर स्कूल, म्हणजे परीक्षा घेऊन मुलं निवडणारी सरकारी शाळा. परीक्षेत ठरलेली पातळी न गाठलेल्या मुलासाठी ती जागा रिकामी ठेवू शकते.

अर्ज जास्त आले की शाळेने आधीच जाहीर केलेले निकष लागतात. हे निकष देशभर लागू असलेल्या २०२१ च्या स्कूल ॲडमिशन्स कोडच्या चौकटीत असावे लागतात. त्या चौकटीतल्या तीन मनाई आपल्याकडच्या पालकांनी आवर्जून लक्षात ठेवाव्यात. शाळेला प्रवेशासाठी मुलाची किंवा आईवडिलांची मुलाखत घेता येत नाही (निवासी शाळांमध्ये मूल निवासाला योग्य आहे का एवढंच पाहता येतं). प्रवेशाच्या कुठल्याही टप्प्यावर देणगी, डिपॉझिट किंवा "स्वेच्छेने" पैसे मागता येत नाहीत. आणि तुम्ही तिला कितव्या क्रमांकावर लिहिलंय यावरून कुणाला पुढे-मागे करता येत नाही. त्यामुळे ओपन इव्हिनिंगला मुलाची प्रमाणपत्रं दाखवून, हेडटीचरशी ओळख काढून किंवा भारतातल्या शाळेचं प्रगतिपुस्तक जोडून काहीही साधत नाही. तिथे जायचं ते शाळा पाहायला.

निकष वाचायचे कसे

प्रत्येक शाळेच्या वेबसाइटवर "ॲडमिशन अरेंजमेंट्स" नावाचा कागद असतो. तुमचं मूल ज्या वर्षी आत जाणार त्याच वर्षाचा कागद पाहा. आदल्या वर्षीचाही बऱ्याचदा तिथेच असतो आणि मधल्या काळात निकष बदललेले असू शकतात.

आधी येतात ती मुलं, ज्यांच्या एज्युकेशन, हेल्थ अँड केअर प्लॅनमध्ये (विशेष गरजा असलेल्या मुलासाठी कौन्सिलने केलेला अधिकृत आराखडा) त्या शाळेचं नाव आहे. त्यांना घ्यावंच लागतं आणि त्यांच्या जागा त्या १८० मधूनच जातात. तुमच्या मुलाचा असा प्लॅन असेल तर तुमची वाटच वेगळी: नेहमीच्या फॉर्मऐवजी कौन्सिलच्या विशेष गरजा विभागामार्फत शाळा ठरते आणि तिचं नाव १५ फेब्रुवारीपर्यंत प्लॅनमध्ये यावं लागतं. त्यानंतर कौन्सिलच्या देखरेखीखाली असलेली किंवा पूर्वी असलेली मुलं, म्हणजे फॉस्टर केअरमधली, तिथून दत्तक गेलेली वगैरे.

इथून पुढे शाळाशाळांत फरक पडतो, आणि खरा अभ्यास इथेच आहे.

भावंड. ऐकायला सोपं, पण व्याख्या वाचा. काही शाळा फक्त इयर सेव्हन ते इलेव्हनमधलं भावंड धरतात, काही सिक्स्थ फॉर्ममधलंही (इयर ट्वेल्व्ह-थर्टीन) धरतात. धाकटं आत येईल त्या सप्टेंबरात मोठं शाळेत असायला हवं अशी अट सर्रास असते. मोठी मुलगी आज इयर इलेव्हनमध्ये आहे आणि जूनमध्ये बाहेर पडणार, तर धाकट्याला तिचा उपयोग होईलच असं नाही. चुलत-मामे भावंडं साधारणपणे धरत नाहीत, एका घरात राहत असली तरी.

वैद्यकीय किंवा सामाजिक कारण. इथे डॉक्टरांचं पत्र लागतं आणि नेमकं तेच पत्र चुकीचं असतं. "मुलाला दमा आहे" एवढं लिहून चालत नाही. याच शाळेत गेल्याने काय साधेल आणि दुसरीकडे ते का साधणार नाही, हे त्या तज्ज्ञाने लिहायला हवं. पत्र अर्जासोबतच द्यायचं. १ मार्चनंतर, म्हणजे निकाल लागल्यावर, पाठवलेल्या पत्राने झालेलं वाटप बदलत नाही.

कॅचमेंट आणि फीडर शाळा. कॅचमेंट म्हणजे नकाशावर आखलेला भाग. त्याच्या आत राहणं म्हणजे जागा पक्की नव्हे, फक्त रांगेत वरची पायरी. फीडर म्हणजे ठरावीक प्राथमिक शाळांमधल्या मुलांना मिळणारं प्राधान्य. कौन्सिलची हद्द मात्र आपोआप कॅचमेंट ठरत नाही. तुम्ही दुसऱ्या कौन्सिलचे रहिवासी आहात एवढ्याच कारणाने शाळेला मागे ढकलता येत नाही, असा १९८९ चा निकाल आहे, त्याला ग्रिनिच निकाल म्हणतात. हद्दीला लागून घर असेल तर पलीकडच्या शाळाही जरूर पाहा.

अंतर. बहुतेक पालकांचं नशीब इथे ठरतं. पुष्कळ ठिकाणी ते सरळ रेषेत, नकाशावर दोरा ताणावा तसं मोजतात. काही ठिकाणी पायवाटेने. रेषा घराच्या नेमक्या कुठल्या बिंदूपासून शाळेच्या कुठल्या बिंदूपर्यंत, मुख्य फाटकापर्यंत की आवाराच्या मध्यापर्यंत, हेही त्या कागदात लिहिलेलं असतं. कौन्सिल स्वतःची संगणकप्रणाली वापरते. फोनवरच्या नकाशात ०.९ मैल दिसलं म्हणून कौन्सिलचंही तेवढंच येईल असं धरू नका.

अंतराबरोबर आणखी एक आकडा शोधा: गेल्या वर्षी शेवटची जागा किती अंतरावरच्या मुलाला मिळाली. बऱ्याच कौन्सिलच्या पुस्तिकेत तो दिलेला असतो. एका वर्षाचा आकडा फसवतो, म्हणून तीन वर्षांचे मिळवा. १.४, १.१, ०.९ अशी उतरती मालिका दिसली आणि तुमचं घर १.० मैलावर असेल, तर ती शाळा शक्यतेतली म्हणा, खात्रीची म्हणू नका. एका वर्षी भावंडांची संख्या वाढली किंवा जवळ नवी वसाहत उभी राहिली तरी रेघ आत सरकते. एकाच इमारतीतल्या दोन फ्लॅट्सचं अंतर सारखं आलं तर चिठ्ठी टाकून ठरवतात.

धर्म. कॅथलिक शाळा बाप्तिस्म्याचा दाखला किंवा प्रीस्टची सही मागू शकते, चर्च ऑफ इंग्लंडची शाळा चर्चमधल्या हजेरीची नोंद पाहू शकते. धर्माधारित फ्री स्कूलला (नव्याने काढलेली, कौन्सिलच्या हाताखाली नसलेली सरकारी शाळा) मात्र अर्ज जास्त आले तरी निम्म्याच जागा धर्मावर देता येतात, उरलेल्या सगळ्यांसाठी खुल्या. आपण त्या धर्माचे नाही म्हणून ती शाळा डोळे मिटून सोडू नका. खुल्या गटात किती मुलं आत गेली ते पाहा.

बँडिंग. काही शाळा सगळ्या अर्जदारांची एक चाचणी घेतात, तिच्यावरून मुलांचे गट पाडतात आणि प्रत्येक गटातून ठरलेल्या प्रमाणात मुलं घेतात, म्हणजे वर्गात सगळ्या पातळ्यांची मुलं येतात. या चाचणीत पास-नापास नाही. क्लास लावून वरच्या गटात जाण्याने काहीच फायदा नाही. कदाचित त्याच गटात गर्दी जास्त असेल. महत्त्वाचं एवढंच, की चाचणी चुकवू नये. न बसलेल्या मुलांचा विचार बसलेल्यांनंतर होतो. याशिवाय काही शाळा १० टक्क्यांपर्यंत जागा संगीत, नाट्य, चित्रकला, खेळ किंवा परभाषा यांतला मुलाचा कल पाहून देतात. त्यासाठी वेगळी नोंदणी असते आणि ती बऱ्याचदा सप्टेंबरातच बंद होते.

पसंतीक्रमाचं गणित

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. पद्धतीचं नाव आहे "ईक्वल प्रेफरन्स". समजा एका घराने तीन शाळा लिहिल्या आहेत, प्रत्येकीत १८० जागा, आणि तिन्हींत शेवटी अंतरच लागतं.

पहिली पसंती, शाळा अ: घरापासून १.६ मैल. दुसरी पसंती, शाळा ब: ०.९ मैल. तिसरी पसंती, शाळा क: ०.५ मैल.

तिन्ही शाळांकडे मुलाचं नाव जातं, पण कितवी पसंती ते शाळेला कळत नाही. अ आपल्या निकषांवर क्रमवारी लावते, त्यात हे मूल २३१ वं येतं. ब च्या यादीत १६५ वं. क च्या यादीत ६० वं. तिन्ही याद्या कौन्सिलच्या संगणकात जातात. या मुलाला अ मिळू शकत नाही, ब आणि क दोन्ही मिळू शकतात. कौन्सिल मग फॉर्म पाहते आणि मिळू शकणाऱ्यांपैकी सगळ्यात वरची पसंती, म्हणजे ब, देते. क मधली जागा सुटते आणि तिथे १८१ वं मूल आत येतं. असं सगळ्यांचं होत राहतं. अ च्या यादीत वर असलेली काही मुलं आपल्या आणखी वरच्या पसंतीला जातात, यादी सरकते, आणि आपलं मूल २३१ वरून समजा १८८ वर येतं. थोडक्यात हुकलं, पण त्यामुळे ब वर काहीही परिणाम झाला नाही.

आता याच घराने "अ मिळणं कठीण आहे, पसंती वाया नको" म्हणून ब पहिली लिहिली असती तर? यादी सरकत सरकत अ मध्ये १८० च्या आत आली असती तरी अ मिळाली नसती, कारण ब मिळाली की खालच्या सगळ्या पसंती आपोआप रद्द होतात. म्हणून क्रम लावायचा तो मनातल्या खऱ्या आवडीनुसार, शक्यतेनुसार नव्हे. पहिली पसंती म्हणून लिहिणाऱ्यांनाच आधी घ्यायची जुनी पद्धत काही ठिकाणी खरोखर होती. २००७ च्या नियमावलीने ती बंद केली, पण तिची दंतकथा शाळेच्या फाटकाबाहेर अजून फिरते.

शक्यतेचा विचार करायचा तो क्रमासाठी नाही, कुठल्या शाळा यादीत असाव्यात यासाठी. यादीत निदान एक शाळा अशी हवी, जिच्यात गेल्या तीन वर्षांचे आकडे पाहता तुमचं मूल आरामात बसतं. ती आवडत नसेल तर सगळ्यात खाली लिहा, पण लिहा. सहा रकान्यांत सहा लोकप्रिय शाळा भरल्या आणि एकही मिळाली नाही, तर कौन्सिल जिथे जागा शिल्लक असेल तिथे मूल पाठवते, आणि जागा शिल्लक असलेली शाळा दोन बस बदलून जाण्याइतकी लांब असू शकते. घराजवळची क एव्हाना भरलेली असते. "मी एकच शाळा लिहिली तर त्यांना ती द्यावीच लागेल" हाही गैरसमज. एकच शाळा सहा वेळा लिहिली तर ती एकदाच धरतात.

"१८० जागांना ९०० अर्ज" असे आकडे ऐकून हबकू नका. प्रत्येक घर अनेक शाळा लिहितं, त्यामुळे त्या ९०० पैकी पुष्कळांची ती खालची पसंती असते.

ग्रामर स्कूलचं वेळापत्रक वेगळं

इंग्लंडमध्ये १६३ ग्रामर स्कूल उरल्या आहेत. केंट, बकिंगहॅमशर, लिंकनशर, स्लाव, ट्रॅफर्ड, बर्मिंगहॅम, लंडनमध्ये सटन आणि बार्नेट अशा काही भागांत त्या आहेत, बाकी बऱ्याच भागांत एकही नाही. त्यांच्या इलेव्हन प्लस परीक्षा साधारण इयर सिक्सच्या सप्टेंबरात होतात, पण नावनोंदणी त्याआधी, इयर फाइव्ह संपता संपता, मे ते जुलैमध्ये बंद होते. नेमक्या याच काळात कुटुंबं भारतात जायच्या तयारीत असतात. तिकिटं काढण्याआधी नोंदणीची शेवटची तारीख आणि परीक्षेचा दिवस दोन्ही पाहून घ्या. विमानप्रवासाचा शीण असलेलं मूल परीक्षेला बसवणं टाळावं, त्यासाठी निदान आठवडाभर आधी परत या.

परीक्षा पास होणं आणि जागा मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बकिंगहॅमशरमध्ये पात्रतेचा गुण १२१ आहे, स्लावमध्ये १११. तिथवर पोचलं की मूल पात्र ठरतं, जागा पुढे त्या शाळेच्या निकषांवर. काही शाळा मात्र गुणांच्या क्रमानेच जागा देतात, तिथे पात्रतेच्या रेषेवर असलेल्या मुलाला फारशी आशा नसते. हे गुण मुलाच्या वयाचा हिशेब धरून काढलेले असतात, त्यामुळे ऑगस्टमध्ये जन्मलेलं मूल सप्टेंबरात जन्मलेल्याच्या मागे पडत नाही.

परीक्षेचा निकाल सहसा ऑक्टोबरात, अर्जाची मुदत संपण्याआधी कळतो. निकाल चांगला आला तरी कौन्सिलच्या फॉर्ममध्ये त्या शाळेचं नाव लिहावंच लागतं. परीक्षेची नोंदणी म्हणजे शाळेचा अर्ज नव्हे.

फॉर्म आणि ३१ ऑक्टोबर

अर्ज तुम्ही जिथे राहता त्या कौन्सिलकडे करायचा, शाळा दुसऱ्या कौन्सिलमध्ये असली तरी. किमान तीन शाळा लिहिता येतात, लंडनमध्ये सहा. बहुतेक ठिकाणी फॉर्म सप्टेंबरमध्ये उघडतो आणि ३१ ऑक्टोबरला बंद होतो. आधी भरला म्हणून प्राधान्य नाही. १५ सप्टेंबरचा आणि ३० ऑक्टोबरचा अर्ज सारखाच. उशिरा आलेला अर्ज मात्र वेळेवर आलेल्या सगळ्यांनंतर पाहिला जातो, आणि लोकप्रिय शाळेच्या बाबतीत त्याचा अर्थ जागा गेली असाच होतो.

३१ ऑक्टोबरची एक गोम अशी, की ती पुष्कळदा हाफ टर्ममध्ये, म्हणजे सत्राच्या मधल्या आठवडाभराच्या सुट्टीत, येते. शाळेचं ऑफिस बंद, फोन उचलायला कुणी नाही, आणि दिवाळीही याच सुमारास. म्हणून १० ऑक्टोबर हीच आपली मुदत धरावी.

काही शाळांसाठी, विशेषतः धर्माधारित, कल पाहून जागा देणाऱ्या आणि काही अकॅडमींसाठी, एक दुसरा फॉर्मही लागतो: सप्लिमेंटरी इन्फर्मेशन फॉर्म. तो कौन्सिलकडे जात नाही, थेट शाळेकडे जातो. हा दिला आणि मुख्य फॉर्ममध्ये शाळेचं नाव लिहिलं नाही, तर अर्ज झालाच नाही. उलट मुख्य फॉर्म भरला आणि हा राहिला, तर अर्ज झाला पण मूल सगळ्यात खालच्या गटात जातं. त्याची मुदतही कधीकधी ३१ ऑक्टोबरच्या आधीची असते.

ऑनलाइन फॉर्ममध्ये माहिती "सेव्ह" झाली म्हणजे अर्ज गेला असं नाही. शेवटचं "सबमिट" दाबल्यावर क्रमांक आणि ईमेल येतो. नंतर आत जाऊन काही बदललं तर पुन्हा सबमिट करायचं. तो ईमेल आला नसेल तर अर्ज गेलेला नाही असंच समजा.

पत्ता म्हणजे मूल शाळेच्या दिवसांत प्रत्यक्ष जिथे राहतं ते घर. काकांचा, मित्राचा किंवा भाड्याने देऊन ठेवलेल्या आपल्याच दुसऱ्या घराचा पत्ता देऊ नका. कौन्सिल हे पत्ते कौन्सिल टॅक्सच्या नोंदींशी ताडून पाहते, आणि खोट्या माहितीवर मिळालेली जागा काढून घेता येते. काढून घेतल्यावर मूल रांगेच्या टोकाला जातं, तेव्हा आसपासच्या सगळ्या शाळा भरलेल्या असतात. घर बदलणार असाल तर नुसता बेत सांगून भागत नाही. विकत घेतलेल्या घराचे करार झालेले असावेत किंवा टेनन्सीवर सह्या झालेल्या असाव्यात, आणि कुठल्या तारखेपर्यंतचा बदल धरतात ते आपल्या कौन्सिलच्या पुस्तिकेत पाहावं. अजून भारतात असलेल्या कुटुंबांना बहुतेक कौन्सिल इथे राहायला आल्याशिवाय इथल्या पत्त्याचा लाभ देत नाहीत.

क्रम लावण्याआधी एक जमाखर्च मांडा: रोजच्या प्रवासाचा. आठ वर्षांवरील मुलाला कौन्सिल मोफत प्रवास देते तो साधारणपणे तीन मैलांपेक्षा दूर असलेल्या, पण जागा उपलब्ध असलेल्यांपैकी सगळ्यात जवळच्या योग्य शाळेसाठी. जवळची सोडून दूरची निवडली तर बसचा खर्च तुमचा (कमी उत्पन्नाच्या घरांसाठी सवलत थोडी रुंद आहे). लंडनमध्ये ११ ते १५ वयाच्या मुलांना झिप ऑयस्टर कार्डावर (मुलांचं प्रवासाचं कार्ड) बस फुकट आहे. अंधाऱ्या नोव्हेंबरात, सकाळी साडेसातला, तोच मार्ग एकदा मुलाबरोबर स्वतः जाऊन पाहा.

१ मार्च

निकाल देशभर १ मार्चला लागतो. त्या दिवशी सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. मिळालेली शाळा मनासारखी नसली तरी आधी ती स्वीकारा. स्वीकारल्याने वरच्या शाळांच्या वेटिंग लिस्टवरचं नाव जात नाही, अपीलाचा हक्कही जात नाही. नाकारल्याने दुसरीकडे नंबर वर सरकतो हा समज चुकीचा आहे. नाकारल्याने एवढंच होतं की हातातली जागा दुसऱ्याला जाते.

वेटिंग लिस्ट निकषांच्या क्रमाने असते, नाव कधी घातलं त्यावर नाही. म्हणून मार्चमध्ये ८ वा असलेला नंबर एप्रिलमध्ये ११ वा होऊ शकतो: शाळेजवळ कुणी नवीन राहायला आलं. यात कुणी कुणाला आत घुसवलेलं नसतं. मार्चच्या मध्यापासून, स्वीकारायची मुदत संपली की, यादी हलायला लागते. खासगी शाळेत जाणारे, गाव सोडणारे आपल्या जागा सोडतात, आणि हे सप्टेंबर उजाडेपर्यंत चालतं. यादी निदान ३१ डिसेंबरपर्यंत ठेवणं शाळांना बंधनकारक आहे. काही ठिकाणी नाव आपोआप राहतं, काही ठिकाणी स्वतः कळवावं लागतं. ते १ मार्चच्या पत्रात लिहिलेलं असतं.

अपील

ज्या ज्या शाळेने नकार दिला, तिच्याविरुद्ध अपील करता येतं. पैसे लागत नाहीत, वकीलही लागत नाही. नकार कळल्यापासून अपील दाखल करायला निदान २० शालेय दिवस मिळतात, आणि वेळेत आलेल्या अपिलाची सुनावणी मुदत संपल्यापासून ४० शालेय दिवसांत व्हावी लागते. सुनावणीची सूचना किमान १० शालेय दिवस आधी येते. शाळेशी संबंध नसलेले तिघे किंवा अधिक जण ऐकून घेतात.

ते दोन पायऱ्यांनी जातात. पहिली पायरी: निकष कायद्याला धरून होते का, तुमच्या मुलाला बरोबर लावले का, आणि आणखी मुलं घेतल्याने शाळेच्या कामाला खरंच बाधा येईल का. अंतर चुकीचं मोजलं, भावंडाची नोंद सुटली आणि त्या चुकीमुळेच जागा गेली असेल, तर निकाल इथेच बाजूने लागू शकतो. म्हणून अपील लिहिण्याआधी मुलाला कुठल्या गटात धरलं आणि अंतर किती मोजलं हे शाळेकडून किंवा कौन्सिलकडून लेखी मागून घ्या.

दुसरी पायरी तोलाची. शाळेला होणारी अडचण एका पारड्यात, तुमच्या मुलाची गरज दुसऱ्यात. लहान मुलांच्या वर्गांना असलेली ३० ची कायदेशीर मर्यादा सेकंडरीला नाही, त्यामुळे या पारड्यात वजन टाकायला जागा असते. पण वजन कशाचं? मिळालेल्या शाळेची निंदा, तिचा जुना ऑफस्टेड (सरकारी शाळा-तपासणी) रिपोर्ट, शेजाऱ्यांनी सांगितलेल्या गोष्टी यांना वजन नाही. "आम्ही दोघं नोकरी करतो, ही शाळा वाटेवर आहे" यालाही फारसं नाही. वजन असतं ते या मुलाला या शाळेतलं नेमकं काय हवंय याला. मुलगी चार वर्षं सेलो वाजवते, इथे ऑर्केस्ट्रा आहे, मिळालेल्या शाळेत तो नाही, आणि सोबत संगीतशिक्षकांचं पत्र. किंवा प्राथमिक शाळेत छळ झाला, तो करणारी मुलं मिळालेल्या शाळेत जाणार आहेत, आणि सोबत प्राथमिक शाळेचं पत्र. एक-दोन मुद्दे, प्रत्येकाला कागद, आणि कागद ठरलेल्या तारखेच्या आत अपिलाचं काम पाहणाऱ्या क्लार्ककडे. सुनावणीच्या दिवशी पिशवीतून काढलेला कागद ते वाचतीलच याची खात्री नाही.

शाळेच्या बाजूने आलेल्या कागदांतही प्रश्न विचारण्यासारखं बरंच असतं. "वर्ग भरलेले आहेत" असं लिहिलं असेल, तर वरच्या वर्गांत प्रत्यक्ष किती मुलं आहेत ते विचारा. १८० ची शाळा इयर एटमध्ये १८६ मुलं शिकवत असेल, तर सहा मुलांनी कोसळत नाही हे त्यांच्याच आकड्यांवरून दिसतं.

निर्णय साधारण पाच शालेय दिवसांत लेखी येतो आणि तो शाळेवर बंधनकारक असतो. विरोधात गेला तरी वेटिंग लिस्टवरचं नाव तसंच राहतं. त्याच शाळेसाठी त्याच वर्षी पुन्हा अपील मात्र सहसा करता येत नाही. परिस्थितीत मोठा बदल झाला असेल, जसं की घर बदललं, तरच.

वर्षाच्या मधेच भारतातून किंवा दुसऱ्या शहरातून आलेल्या मुलांना ३१ ऑक्टोबर आणि १ मार्च या तारखा लागत नाहीत. त्यांचा "इन-इयर" अर्ज कौन्सिलकडे किंवा थेट शाळेकडे जातो. कुठे, ते कौन्सिलच्या वेबसाइटवर असतं. उत्तर १५ शालेय दिवसांत लेखी मिळायला हवं. त्या वर्गात जागा असेल तर ती द्यावी लागते, आणि नकाराच्या पत्रात अपील कसं करायचं हे लिहिलेलं असायला हवं. नसेल तर तेच पत्र पुढे करून मागा.